त्या बाकावरून तोटी दिसत नाही

धाकटे,

शाळेच्या स्मरणिकेसाठी तुझ्यावर काहीतरी लिहून द्या, असं तिथल्या एका तरुण शिक्षिकेनं मला सांगितलं. "चित्रकलेच्या बाईंना तुमच्याइतकं कोण ओळखतं? तुम्ही त्यांच्या थोरल्या जाऊबाई!" लिहायला बसले, 'त्या अत्यंत मनमिळाऊ होत्या' इथपर्यंत आले आणि कागद फाडला. एक तर तू मनमिळाऊ कधीच नव्हतीस. दुसरं म्हणजे, 'होत्या' म्हटलं की माणूस गेल्यासारखं वाटतं. तू तर लेकीकडे ठणठणीत बसून जावयाच्या चुका काढते आहेस. म्हणून हे पत्र तुलाच. बाकीच्यांनी हवं तर डोकावावं.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा सासूबाईंना वाटलं, चित्रकला शिकवते म्हणजे घर कसं सजवेल! तू घर रिकामं करायला सुरुवात केलीस. आज कंदील गायब, उद्या पितळी डबा, परवा दोन वांगी. विचारलं की एकच उत्तर, "स्थिरचित्रात आहे, वहिनी." म्हणजे शाळेत, तुझ्या टेबलावर, चादरीच्या चुण्यांवर मांडलेलं, आणि मुलांची चित्रं पुरी होईस्तोवर कुणी बोट लावायचं नाही. वांगी सुरकुतली तरी तिथेच. "सुरकुत्या काढायला छान मिळतात," म्हणालीस. भाजीचं काय करायचं ते आम्ही बघायचं.

एकदा घरी पाहुणे आले. चहाला मोठी किटली हवी आणि किटली अर्थातच स्थिरचित्रात. आमचे हे तावातावानं शाळेत गेले, सरळ वर्गात शिरले आणि किटली उचलली. अख्खा वर्ग ओरडला, "अहो, हलवू नका!" हे दचकून जागच्या जागी उभे. तू शांतपणे म्हणालीस, "भाऊजी, आता हलवलीच आहे, तर तसेच उभे राहा. मुलांनो, नवा कागद घ्या."

"अगं, पाहुणे खोळंबलेत!"

"मान जरा डावीकडे."

तास संपेपर्यंत हे किटली धरून उभे. पाहुणे चहा न घेताच गेले. त्यातलं एक चित्र मात्र ह्यांनी मागून आणलं, चौकट करून लावलं, आणि "पोट जरा जास्तच काढलंय कार्ट्यानं" असं म्हणत येता-जाता बघत राहिले.

तुझा जीव अडकला होता तो त्या वर्गात. वरच्या मजल्यावरचा, कोपऱ्यातला, उत्तरेला मोठ्या खिडक्या. "ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो. सावली जागची हलत नाही," हे तू आल्यागेल्याला अशा थाटात सांगायचीस, जणू तो उजेड माहेराहून आणला होतास. मी इतिहासाची पदवीधर, मला उजेड म्हणजे उजेड. पण तुझ्या पोरांनी काढलेल्या काचेच्या पेल्यात पाणी दिसायचं, हे मी नाकारणार नाही.

मग शाळेत संगणक यायचं ठरलं आणि संस्थेच्या सचिवांची नजर नेमकी त्याच वर्गावर गेली. ते पाहणीला येणार म्हणून मुख्याध्यापकांनी तुला बजावलं, "बाई, भिंतीवर जरा चांगलंसं लावा. डोंगर, सूर्योदय, दोन पक्षी." तू लावल्यास किटल्या. एकच किटली, वर्गातल्या प्रत्येकानं काढलेली. त्या दिवशी तू मलाही मुद्दाम बोलावलंस, धीर द्यायला, असं नंतर कबूल केलंस.

सचिवांनी भिंत पाहिली. "दुसरं काही येत नाही का यांना?"

"सर, वस्तू एक आहे. जागा सगळ्यांच्या वेगळ्या."

"आणि हिला तर तोटीच नाही!"

"त्या बाकावरून तोटी दिसत नाही. बसून बघता का?"

मी कपाळावर हात मारला. पण गृहस्थ खरोखर बसले. गुडघे बाकात अडकले, टाय डेस्कवर पसरला. टेबलावरच्या किटलीकडे बघत राहिले, मान तिरपी केली, एक डोळासुद्धा मिटला. "नाही दिसत खरी," म्हणाले. तू माझा हात इतका घट्ट धरलास की बांगडी रुतली. मला वाटलं, जिंकलो.

मग ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "तरी पण बाई, किटली म्हटली की तोटी हवी."

वर्ग गेला. संगणकांच्या पडद्यावर उजेड पडतो म्हणून त्या खिडक्यांना जाडजूड, तपकिरी पडदे लागले.

त्या संध्याकाळी तू घरी येऊन किटली ओट्यावर ठेवलीस. "घ्या तुमची." बस्स. इतकी वर्षं तिच्यासाठी भांडणाऱ्या आम्हा सगळ्यांना त्या दिवशी तिच्यात चहा करवेना. आठवडाभर तू शाळेत नुसती जात होतीस आणि येत होतीस. शेवटी माझा संयम सुटला, तोही मुळात बेताचाच. "वर्ग गेला, तुझे डोळे गेलेत का? व्हरांड्यात बस की पोरांना घेऊन!"

"व्हरांड्यात सावली पळते, वहिनी."

"मग पळतीला पकडायला शिकव."

तू माझ्याकडे रागानं पाहिलंस, आणि दुसऱ्या दिवशी किटली पुन्हा गायब. व्हरांड्यात तुझी पोरं भराभर काढायला शिकली. तिथूनच त्यांना पालक कार्यालय शोधत भरकटताना दिसायचे, म्हणून संकल्पचित्राच्या तासाला तू त्यांच्याकडून दिशादर्शक पाट्या करून घेतल्यास. त्या अजून भिंतीवर आहेत. पण व्हरांडा म्हणजे वर्ग नव्हे, हे तू निवृत्त होईपर्यंत म्हणत राहिलीस, आणि ते बरोबरच होतं.

आता संगणक नव्या इमारतीत गेलेत. तो वर्ग कुलूपबंद आहे. आताच्या मुख्याध्यापिका तुझ्याच विद्यार्थिनी. त्यांनी निरोप दिला, "बाईंनीच येऊन पडदे उतरवावेत. लगेच तिथे चित्रकलेचा वर्ग बसवते." तुझा तडक फोन, "वहिनी, चला माझ्याबरोबर. मी एकटी स्टुलावर चढणार नाही." रविवार ठरला, तर माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. पुढचा ठरला, तर तुझी लेक तुला घेऊन गेली. मग तुझा गुडघा, मग माझी पाठ. शिपायाला सांगू या म्हटलं, तर तुला ते चालेना.

पडदे तसेच आहेत. तू चढायचं आणि मी स्टूल धरायचं की उलटं, यावरून मागच्या फोनवर आपलं वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.