सत्तेचाळीस नंबरचा फॉर्म

दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात माझ्या डोक्यावर वृंदा राहते. म्हणजे वरच्या मजल्यावर. बांधकामावर राबणाऱ्या बायकांच्या मनावर रिसर्च करणाऱ्या पोरींची ती गाईड. दुसऱ्यांना विचारते, झोप लागते का, आणि स्वतः चहाचा कप घेऊन घरभर फिरते. मी म्हणते, "बाई गं, बस जरा. तुझ्या फेऱ्यांनी माझा पंखा हलतो."

यंदा संक्रांतीला सकाळी तिळगूळ घेऊन वर गेले, तर ही फॉर्म तपासत होती. सत्तेचाळीस नंबरच्या फॉर्मवर थांबली ती थांबलीच. 'जीव द्यावासा वाटतो का?' उत्तर, 'हो'. बाजूला तिच्या विद्यार्थिनीने, मैत्रेयीने, पेन्सिलीने लिहिलेलं, 'हसून म्हणाली'. तारीख तीन दिवसांपूर्वीची.

"इथे 'हो' आलं की त्याच दिवशी मला फोन करायचा, असं घोकून घेतलंय मी पोरींकडून," वृंदा म्हणाली.

"मग जा ना त्या बाईकडे."

"कुठे जाऊ, मावशी? फॉर्मवर नुसता नंबर असतो. नावांची यादी मैत्रेयीच्या कपाटात, किल्ली तिच्याकडे. गाईडनेसुद्धा नावं बघायची नाहीत."

"हा शहाणपणा कोणाचा?"

"माझाच."

मैत्रेयी महाराष्ट्र मंडळाच्या बसने पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला गेलेली, संक्रांत हा त्या लढाईचा दिवस. फोन नुसता वाजत होता. वृंदा खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. शेवटी मी ती सहल नेणाऱ्या मंडळाच्या भालचंद्ररावांना फोन लावला. दोनदा कापला त्यांनी.

"वहिनी, माझं भाषण चालू आहे."

"ती लढाई होऊन अडीचशे वर्षं झाली, भावजी. पाच मिनिटांनी काही बिघडत नाही. मैत्रेयीला फोन द्या."

वृंदाने फोन माझ्या हातून घेतला आणि सत्तेचाळीस नंबरचं विचारलं. पोरगी घाबरली. "मॅम, ती हसली, म्हणून मला वाटलं, ऐसे ही बोलतेय..."

"नाव सांग. रडायचं ते नंतर, दोघी मिळून रडू."

"पार्वती. नोएडाची आपली दुसरी साइट, पाण्याच्या टाकीमागे."

कॅबमध्ये मी हिच्या शेजारी. प्रत्येक सिग्नलला हिचा हात दाराच्या कडीवर. मी म्हटलं, "धावत जाणार आहेस का?" म्हणाली, "मावशी, आज नको."

टाकीमागे पत्र्याची खोली. दाराला साडीचा पडदा, आत चूल विझलेली. पार्वती भिंतीला टेकून बसली होती. आम्हाला बघून उठली नाही.

"तीन दिन हो गए," ती म्हणाली. "लड़की पूछके चली गई. पहले कभी किसी को बोला नहीं था, तो हँसी आ गई."

"देर मेरी वजह से हुई," वृंदा म्हणाली. मैत्रेयीचं नावसुद्धा घेतलं नाही.

"तो अब बताओ दीदी. बोलने के बाद क्या होता है?"

वृंदाने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. तो लागेपर्यंत पार्वतीचा हात काही सोडला नाही.