अनवाणी नेलेल्याच्या चपला

कोर्टाच्या व्हरांड्यात शेवंताबाई बसल्या होत्या. मांडीवरच्या पिशवीत मुलाच्या चपला होत्या. पोलिसांनी त्याला घरातून अनवाणीच नेलं होतं. बाई त्या इथे आणतात, ही चूक माझीच. मी बाईंचा वकील; याचिका समजावताना म्हणालो होतो, "बाई, बंदी प्रत्यक्षीकरण म्हणजे कोर्ट सांगतं, माणूस आमच्यासमोर उभा करा." तेव्हापासून प्रत्येक तारखेला त्या चपला घेऊन येतात.

कायद्यातली इतकी सरळ मागणी दुसरी नसेल: माणूस दाखवा. पण एक न्यायमूर्ती म्हणाले, हे दोघांच्या खंडपीठाकडे न्या. खंडपीठ म्हणालं, आधी खालच्या कोर्टात जामीन मागा. खालचं कोर्ट म्हणालं, कोठडी बेकायदा आहे म्हणता ना, मग वरच जा. या येरझारांत फाइल तेवढी जाडजूड झाली. दरवेळी कोर्टापुढे येते ती फाइलच. डोकं फिरतं अगदी, आणि तरी वाकून "येस, माय लॉर्ड" म्हणायचं.

"आजही तेच, बाई. हे आमच्या अधिकारात येत नाही म्हणाले."

त्यांनी पिशवीला गाठ मारली.

"साहेब, त्याला उचलून नेला, त्या दिवशी कुणीच कसं नाही म्हणालं असं?"