काळा अक्रोड आणि गणूजींची मिशी

लाकडाचा भुसा कितीही झाडला तरी कोपऱ्यात उरतोच. सुतारांच्या घरातल्या किश्श्यांचेही तसेच. माझे खापरपणजोबा गणूजी अमरावतीत सुतारकाम करीत. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या काळातले हे किस्से आत्याने सांगितलेले. लाकूडशास्त्र शिकल्यावर मी ते तपासून पाहिले. लाकडापुरते तरी ते खरे निघाले. बाकीच्यापुढे माझा नाइलाज आहे.

*

कापसाच्या एका गोऱ्या दलालाने सामान करवून घेण्यासाठी अमेरिकी काळ्या अक्रोडाच्या फळ्या आणवल्या होत्या. तो मुंबईला परतला, फळ्या गणूजींकडे राहिल्या. जन्मभर सागाशी झुंजलेल्या पटाशीखाली हे लाकूड अलगद सोलले जाऊ लागले. खापरपणजी पाहतच राहिली.

"लाकूड तासून राहिले का खरवस कापून राहिले?"

*

दर्यापूरच्या एका नव्याने श्रीमंत झालेल्या पाटलांनी त्या अक्रोडाची खुर्ची करायला सांगितली. फळीची कड, म्हणजे सालीजवळचा कोवळा भाग, फिकट असते.

"हे काहून पांढरं?"

"तुमचा कापूस लागला असन त्याले, पाटील."

"काढून टाक. मले काळंच पायजे."

कापसावर श्रीमंत झालेल्या माणसाला पांढऱ्याचा इतका तिटकारा असल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

*

खुर्चीच्या कामातून उरलेला भुसा पाटलांनी नेऊन नव्या घोड्याखाली अंथरला. सकाळी घोड्याचे पाय सुजलेले. काळ्या अक्रोडाचा भुसा घोड्यांना बाधतो, हे आज पशुवैद्य जाणतात. गणूजी जाणत नव्हते.

"गादीची सवय नाही त्याले, पाटील. होईन."

"तोवर मी पायी हिंडू?"

*

खुर्ची नेताना पाटलांनी चार माणसांत विचारले, "रंग टिकन का?"

गणूजींना शिसवाचा अनुभव होता, ते जुने होते तसे गडद होते. "उनात अजून पिकन. उतरला तर मिशी उतरवतो." अख्खी पेठ त्यांना त्या मिशीवरून ओळखत असे.

येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून पाटलांनी खुर्ची रस्त्याकडच्या ओट्यावर मांडली. काळा अक्रोड मात्र उन्हात पिकत नाही, फिकट होतो. काही उन्हाळ्यांनंतर पाटील बैलगाडीत खुर्ची आणि न्हावी घालून अमरावतीत हजर झाले. पेठ जमली.

गणूजींनी मिशीला शांतपणे तेल लावले आणि खुर्ची उलटी केली. बैठकीखाली, जिथे ऊन पोचले नव्हते, लाकूड पहिल्या दिवसाइतकेच काळे होते.

"सांगा पाटील, रंग कुठी उतरला?"

पाटलांनी वाकून पाहिले. मग न्हाव्याला म्हणाले, "वरची बाजू उतरली, खालची शाबूत हाय. याची अर्धीच काढ."