दाराशिवायची खोली

आज गॅसवर दूध उतू गेलं, करपट वास घरभर पसरला आणि टेमघरच्या खोलीतल्या त्या सकाळचा राग मला पुन्हा आला.

नवऱ्याची कमाई दुसऱ्याच्या लूमवर कापड विणून, पगाराची पावती नाही, म्हणून बँकेनं खोलीसाठी कर्ज नाकारलं होतं. इमारतीचे मालक पाटील हप्त्यांनी खोली द्यायला तयार झाले, पण शेवटचा हप्ता मिळेपर्यंत दार बसवणार नाही म्हणाले. बिनदाराच्या खोलीत कोण राहायला येतंय, हा त्यांचा हिशोब. आम्ही मात्र जुन्या खोलीचं भाडंही भरायचं आणि हप्ताही. वर्षभरात माझं डोकं फिरलं. एका सकाळी मी चौकटीला चादर बांधली, कोऱ्या सिमेंटच्या वासात स्टोव्ह पेटवला आणि नव्या घराचं म्हणून दूध उतू जाऊ दिलं.

पाटील धावत आले. "वहिनी, आपलं बोलणं काय झालेलं? सामान उचला!"

"उचलते. आधी फरशीवरचं दूध तुम्ही उचला."

मागोमाग त्यांची बायको आली. दूध बघून तिनं हात जोडले आणि नवऱ्याकडे वळली. "लक्षुमी आली हाय घरात. आता ह्या बाईला भायेर काढाल, तर तुमी पन भायेरच जेवा!"

तेव्हा मला पाटील राक्षस वाटले होते. आता वाटतं, त्यांच्याशी निदान भांडता तरी आलं; बँकेत भांडायला कोण होतं?

पाटलांनी चादर बाजूला सारली. मग चपला काढून आत आले.

"सुतार उद्या येईल. हप्ता चुकवू नका. आणि चहात साखर नको, मला शुगर हाय."