सारख्या दिसणाऱ्या शब्दांची शिकवणी

चहा हनुवटीवरून बनियनवर गळत होता आणि हे पुसत नव्हते. मी म्हटलं, "अहो, सांडतंय." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि नुसतं "बा, बा, बा" केलं. मला वाटलं, वेडावतायत. तशी त्यांना सवयच होती. मग कप निसटला आणि त्याच्यामागोमाग तेही पलंगावरून खाली घसरले. तोंडाची उजवी बाजू ओघळली होती.

आमच्या घोडपदेवच्या चाळीत लिफ्ट नाही. शेजारच्या पुरुषांनी त्यांना खुर्चीत बसवून जिना उतरवला. एक जण म्हणाला, "काकी, बाजूला व्हा, पायात येऊ नका." मी झाले बाजूला.

इस्पितळात जीव वाचला. घरी आणलं तेव्हा उजवा हात लुळा होता आणि वाचा गेली होती. सगळं समजत होतं, पण शब्द बाहेर येत नव्हता.

हा माणूस जन्मभर बोलत आलेला. माझगावला गोदीच्या ऑफिसात कारकून होते. संध्याकाळी घरी आले की गॅलरीत चटई टाकून चाळीतल्या मुलांना इंग्रजी शिकवायचे. रिटायर झाल्यावरही तेच. फी घेत नसत. त्यांचा सगळा जोर सारख्या दिसणाऱ्या शब्दांवर. म्हणायचे, "हे शब्द जुळ्या भावंडांसारखे असतात. एकाला हाक मारली की दुसराच ओ देतो." त्यांनी शब्द पुकारायचा आणि मुलांनी एका सुरात अर्थ आणि जात सांगायची. नाम असेल तर मूठ मिटायची, क्रियापद असेल तर हात हलवायचा, विशेषण असेल तर तळवा गालाला लावायचा.

"अ‍ॅडव्हाइस."

"सल्ला, नाम."

"अ‍ॅडव्हाइज."

"सल्ला देणे, क्रियापद."

आत मी बांगडे तळत असायची. मी चौथीपर्यंत शिकलेली, इंग्रजीतलं एक अक्षर ओळखत नाही. पण कान काही मिटता येत नाहीत. लूस म्हणजे सैल आणि लूझ म्हणजे हरवणे, हे माझ्याही डोक्यात जाऊन बसलं. कधी वैतागून म्हणायची, "जरा हळू, डोकं उठलं माझं."

आता घर गप्प झालं आणि ते मला सोसेना. पेज भरवायला गेले की हे भिंतीकडे तोंड फिरवायचे. अंगावरचे कपडे ढगळ व्हायला लागले. मुलगी प्रभादेवीहून आली की दारात उभी राहून डोळे पुसायची. म्हणायची, "आई, बाबांनी सोडून दिलंय गं."

मी म्हटलं, "सोडून जातील कुठे? दहा बाय बाराची खोली. रडायचं तर बाहेर जाऊन रड, त्यांना ऐकू येतं."

पण ती खोटं बोलत नव्हती. असंच खाल्लं नाही तर हे उरणार नाहीत, हे मलाही दिसत होतं.

बोलणं शिकवायला एक डॉक्टरीण यायची, पोरसवदा, फार गोड बोलायची. ती म्हणाली, "आजी, त्यांचं वर्षानुवर्षांचं पाठ असलेलं काही म्हणून बघा. आरती, पाढे. बाकी सगळं गेलं तरी कधीकधी ते राहिलेलं असतं."

आरती म्हणून पाहिली. हे आरतीचे गिऱ्हाईक कधीच नव्हते, प्रसादाचे होते. पाढे म्हटले तर माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मीच वाया गेले आहे.

एका संध्याकाळी पेजेची वाटी घेऊन बसले आणि म्हटलं, "अ‍ॅडव्हाइस." काही नाही. पुन्हा म्हटलं. नुसते बघत राहिले. मग माझ्या लक्षात आलं, यांनी कधी उत्तर दिलंय? उत्तरं मुलांची. यांचं काम पुकारायचं.

वाटी खाली ठेवली, मूठ मिटली आणि मुलांच्या सुरात म्हटलं, "सल्ला, नाम." आणि थांबले.

त्यांचे ओठ हलले. मी परत म्हटलं, परत थांबले.

"अ‍ॅडव्हाइज," हे म्हणाले.

वाकडं आलं, लाळेसकट आलं, पण अख्खं आलं. मी हात हलवला. "सल्ला देणे, क्रियापद."

"ब्रेथ."

"श्वास, नाम."

"ब्रीद."

मी हात हलवला. माझे ओठ हलले, पण आवाज फुटेना. त्यांनी डाव्या हाताने गादीवर थाप मारली आणि मुलांना म्हणायचे तसं म्हणाले, "मोठ्याने."

बाहेर गॅलरीत शेजारची सून कपडे वाळत घालत होती. याच चाळीत वाढलेली, याच चटईवर बसलेली. तिने तिथूनच सांगितलं, "श्वास घेणे, क्रियापद, सर."

हे अर्ध्या तोंडाने हसले. नंतर मी चमचा पुढे केला तर तोंड फिरवलं नाही. पेज संपली.

तेव्हापासून रोज जेवणाआधी शिकवणी. मी एकटीच विद्यार्थिनी, आणि ठोंबी. त्या शब्दांच्या मधूनमधून त्यांचे स्वतःचे शब्द यायला लागले. आधी "पाणी". मग "नको". "नको" आल्यावर माणूस परत आला असं मी मुलीला फोनवर कळवलं.

सगळं आलेलं नाही. मीठ हवं असलं की साखर मागतात, मी मीठ देते. हात तसाच आहे. नातवंडांवर ओरडायचं असलं की शब्द जुळवेपर्यंत ती पळालेली असतात. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, वय बघता फार आशा धरू नका.

हे जगले. मीही जगले.