थंडीतला कूलर

अक्षर वाकडंतिकडं आहे, शुद्धलेखनही चुकेल, माफी असावी. मी चौथीच शिकले.

मनाचा इलाज करणाऱ्या मॅडमच्या दाराबाहेर नंबर लावणारा एक माणूस बसतो. कुणालाच नावानं हाक मारत नाही, नुसतं "या ताई" म्हणतो. ऐन थंडीतही मोठ्यानं घरघरणारा कूलर लावतो.

घरचे एकटीला सोडत नाहीत, म्हणून जाऊ सोबत आली आणि दाराला खेटून बसली. माझं आतलं बोलणं घरी कळलं असतं तर मला माहेरी धाडलं असतं.

मी आत जाताना जाऊ त्याला म्हणाली, "कूलर बंद करा की भाऊ, लई गारठा आहे."

"बटण बिघडलंय, ताई."

मी बाहेर आले, तसा त्यानं बटण दाबून कूलर बंद केला.

रिक्षात जाऊ फणफणली, "खोटारडा मेला. एक अक्षर ऐकू आलं नाय."

तो मुद्दाम खोटं बोलला, की त्याला कूलरचं वेडच आहे, मला अजून कळत नाही. विचारायची लाज वाटते.

पुढच्या खेपेला मी जावेसाठी शाल नेली.