आधी फॅक्स, मग ड्युसेलडॉर्फ

पुण्याला परतायला आठवडा उरला असताना जर्मनीत आमच्याकडे आलेल्या माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, बॅगेतून एक जुना मिनिडिस्क रेकॉर्डर काढला. पंचवीस वर्षांपूर्वी ओसाकाला ट्रेनिंगला गेले असताना घेतलेला. त्यात सासूबाईंच्या गाण्याची एकुलती एक डिस्क अडकली होती. त्या जाऊन अकरा वर्षं झाली. नऊ वर्षांच्या आमच्या ईराने आजी पाहिलेलीच नाही.

"पुण्यात सगळ्यांनी हात टेकले," बाबा म्हणाले. "तुमच्या जर्मनीत बघ कुणी काढून देतं का."

शोधल्यावर ड्युसेलडॉर्फमध्ये जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका जपानी आजोबांची वेबसाइट सापडली. लुकलुकणारी अक्षरं, तळाशी पाहुणे मोजणारा आकडा, थेट आमच्या कॉलेजच्या काळातली. मी पडले सॉफ्टवेअरवाली, तीन ईमेल ठोकले. उत्तर नाही. मग खालची ओळ वाचली: कृपया फॅक्स करा. ब्योब्लिंगेनच्या आमच्या ऑफिसात फॅक्स मशीन अजून नांदतंय, हे त्या दिवशी कळलं! तासाभरात उत्तर आलं: शनिवारची वेळ आणि हाताने काढलेला नकाशा. सुधारलेले म्हणून गाजलेले दोन देश कागदावर एवढा जीव लावून असतात, याचं मला फार हसू आलं.

महिन्याच्या रेल्वे पासावर साध्याच गाड्या चालतात, त्यामुळे ब्योब्लिंगेनहून सहा-सात तास धरा आणि डबा घ्या. आम्ही दशम्या नेल्या होत्या. माइन्झनंतर उजवीकडची खिडकी पकडा, ऱ्हाइन नदी तासभर सोबत येते. ड्युसेलडॉर्फला स्टेशनापासून पाच मिनिटांवर जपानी पाट्यांचा रस्ता सुरू होतो. रविवारी बरीच दुकानं बंद, तेव्हा शनिवारच गाठा. शाकाहारी रामेन पंधराएक युरोला मिळतं. "मीठ कमी आहे," असं म्हणत बाबांनी वाडगा चाटूनपुसून संपवला.

आजोबांचं दुकान एका अंगणामागे होतं. त्यांनी रेकॉर्डर कानाशी धरून हळूच हलवला आणि मला जर्मनमध्ये म्हणाले, "दोन्ही वाचणार नाहीत. डिस्क हवी तर यंत्र कापावं लागेल. हात चुकला तर डिस्कही जाईल."

मी बाबांना सांगितलं. ते यंत्र त्यांनी इतकी वर्षं रुमालात गुंडाळून जपलं होतं.

"कापा म्हणावं."

"अहो बाबा, नक्की?"

"गेनाऊ," बाबा म्हणाले. ईराकडून शिकलेला जर्मन शब्द, म्हणजे 'अगदी बरोबर'.

वीस मिनिटं आजोबा यंत्र बारीक बारीक कापत होते. मग डिस्क बाहेर आली आणि आजोबांच्या मशीनमध्ये गेली. थोडी खरखर, गाण्याची दीड ओळ, आणि मध्येच सासूबाई कडाडल्या, "अहो, पुरे ते रेकॉर्डिंग! दूध उतू जातंय!"

संपलं. एवढंच होतं. बाबा हसले आणि मग रडले. "परत लावा," ते म्हणाले. आजोबांना मराठी कळत नव्हतं, तरी त्यांनी परत लावलं. सहा वेळा.

बाबा आता पुण्यात आहेत. कापलेलं यंत्र रुमालातच आहे, आवाजाची कॉपी आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये. परवा मी कॉलवर असताना स्वयंपाकघरातून हाक आली. एरवी माझ्या प्रत्येक मराठी वाक्याला जर्मनमध्ये उत्तर देणारी ईरा, अगदी आजीच्या पट्टीत ओरडत होती, "अहो आई, पुरे! दूध उतू जातंय!"

दूध गेलंच. मी शेगडी पुसत बाबांना फोन लावला आणि तिला तेच बोलायला लावलं.

मग बाबा म्हणाले, "परत म्हण, बाळा."